पतीच्या मागे राहिलेली स्त्री: प्रारंभीच्या इस्लामी समाजातील विधवेचे हक्क आणि आयुष्य

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका जुन्या मालमत्तेच्या वादावर निकाल दिला. मूलबाळ नसलेल्या एका मुस्लिम गृहस्थाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेत पत्नीचा हिस्सा किती आणि भावाचा किती, असा हा वाद होता. पत्नीने पाऊण हिस्सा मागितला होता. न्यायालयाने तिचा हक्क एक चतुर्थांश ठरवला आणि त्यासाठी कुराणातील वारसाहक्काच्या आयतीचा, म्हणजे वचनाचा, आधार घेतला. ही बातमी वाचणाऱ्या अनेकांना साहजिकच प्रश्न पडले. चतुर्थांशच का? भावाचा संबंध कुठे आला? चौदाशे वर्षांपूर्वीचे हे गणित कोणत्या परिस्थितीत मांडले गेले आणि त्या काळातील विधवेच्या आयुष्यात त्याने नेमके काय बदलले?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना एक गोष्ट सतत समोर येते, ती अशी की यांतील बरेच नियम कोणा ना कोणा विधवेच्या विचारण्यातून पुढे आले. कोणी तक्रार घेऊन आली, कोणी परवानगी मागायला आली, कोणी आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे तपासून घ्यायला आली. त्यांतील बहुतेकींची नावे परंपरेने जपून ठेवली आहेत. त्या स्त्रियांच्या बाजूने पाहिले की नियमांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो आणि त्यांच्या मर्यादाही दिसतात.

कोणता काळ आणि कोणती साधने?

हा लेख मुख्यतः सातव्या शतकातील मक्का आणि मदिना या दोन गावांविषयी आहे. मुहम्मद पैगंबरांनी ६२२ मध्ये मक्केहून मदिनेस स्थलांतर केले, ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतरच्या पहिल्या चार खलिफांचा काळ ६६१ मध्ये संपला. या समाजात विधवा होणे ही नित्याची गोष्ट होती. ६२५ मध्ये मदिनेच्या वेशीवर झालेल्या उहुदच्या लढाईत पैगंबरांच्या बाजूचे सुमारे ७० पुरुष एका दिवसात मारले गेले. त्या छोट्या वस्तीत याचा अर्थ असा होता की गल्लोगल्ली एखादे घर कर्त्या पुरुषावाचून उरले.

या काळाची माहिती आपल्याला कुराणातून आणि हदीसमधून मिळते. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती, कृती आणि निर्णयांच्या आठवणी, ज्या साक्षीदारांच्या साखळीतून पुढच्या पिढ्यांपर्यंत आल्या. त्यांचे सर्वांत प्रतिष्ठित संकलक बुखारी यांचे निधन ८७० मध्ये झाले. म्हणजे घटना आणि ग्रंथ यांच्यात दोन शतकांहून अधिक अंतर आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा उच्चारला गेला असे आधुनिक इतिहासकार मानत नाहीत. तरीही हे प्रसंग एकत्र ठेवले की त्या समाजाला कोणते प्रश्न पडत होते आणि त्यांची कोणती उत्तरे त्याने मान्य केली, हे विश्वासाने सांगता येते.

आधी काय होते?

इस्लामपूर्व अरबस्तानात एखादा पुरुष वारला की त्याच्या पत्नीवर त्याच्या नातेवाइकांचा अधिकार येई, असे पैगंबरांचे चुलत भाऊ इब्न अब्बास यांच्या नावाने सांगितले जाते. त्यांच्यापैकी कोणी इच्छा असल्यास तिच्याशी स्वतः विवाह करी, नाहीतर तिला दुसऱ्याला देई, किंवा तिला विवाहच करू देत नसे. सावत्र मुलानेही वडिलांच्या विधवेवर असा हक्क सांगावा, अशी काही कुळांत रीत होती. या प्रथेचा निषेध कुराणात दोन ठिकाणी आला आहे. चौथ्या सूरेतील, म्हणजे अध्यायातील, १९ वी आयत स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध वारसा म्हणून घेणे निषिद्ध ठरवते आणि २२ वी आयत वडिलांच्या पत्नीशी विवाह करण्यास मनाई करते. ज्या गोष्टीला मनाई करावी लागली ती कुठे ना कुठे घडत होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

मालमत्तेत मात्र विधवेला सहसा काही मिळत नसे, कारण कुळासाठी शस्त्र धरून लढू शकणाऱ्या पुरुषांकडेच वारसा जावा अशी समजूत प्रबळ होती.

मग खदीजा यांचे काय?

हा आक्षेप योग्यच आहे. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा इस्लामपूर्व मक्केतच राहत होत्या, परंपरेनुसार त्या दोनदा विधवा झाल्या होत्या, आणि तरीही त्या स्वतःच्या भांडवलावर व्यापारी तांडे पाठवत होत्या. सुमारे ५९५ मध्ये त्यांनी आपल्याकडे काम करणाऱ्या तरुण मुहम्मद यांच्याशी विवाह केला आणि विवाहाचा प्रस्तावही त्यांच्याच बाजूने गेला होता. याचा अर्थ असा की जुन्या समाजात सगळ्या विधवा असहाय होत्या हे चित्र सरसकट खरे नाही. श्रीमंत घराणे, व्यापारी शहर आणि स्वतःची कर्तबगारी असेल तर स्त्रीला मोकळीक मिळे. इस्लामपूर्व काळाला अज्ञानयुग म्हणणाऱ्या नंतरच्या लेखकांनी त्याचे चित्र अधिक काळे रंगवले असण्याची शक्यताही लक्षात ठेवली पाहिजे. परंतु खदीजा यांना जे मिळाले ते त्यांच्या घराण्यामुळे आणि परिस्थितीमुळे मिळाले होते. ज्या विधवेकडे यांतले काहीच नव्हते, तिला मागण्यासारखा ठरलेला हक्क नव्हता. फरक पडला तो इथे.

साद यांच्या पत्नीची तक्रार

उहुदमध्ये मारल्या गेलेल्यांत मदिनेचे साद इब्न रबी होते. त्यांच्यामागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. साद यांच्या भावाने रिवाजानुसार सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा त्यांची पत्नी दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि तिने सरळ व्यवहाराची गोष्ट मांडली: यांचे वडील तुमच्या बाजूने लढताना गेले, यांच्या काकाने सगळे नेले, आणि हाती काही नसेल तर या मुलींचे विवाह होणार नाहीत. परंपरा सांगते की यानंतर वारसाहक्काच्या आयती अवतरल्या आणि पैगंबरांनी त्या काकाला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश द्यावे, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यावे आणि उरेल ते त्याने घ्यावे.

आपल्याकडे खळ्यावर धान्याची रास पडली की आधी बलुतेदारांची ठरलेली मापे घातली जात आणि मगच उरलेले धान्य शेतकऱ्याच्या घरी जाई. इस्लामी कायद्यातील वाटणीचा क्रम समजायला हे चित्र उपयोगी पडते. मृताच्या मालमत्तेतून प्रथम दफनाचा खर्च निघतो, मग कर्जे फेडली जातात, मग मृत्युपत्राने दिलेले असेल ते दिले जाते, आणि मृत्युपत्राला एक तृतीयांशाची मर्यादा आहे. त्यानंतर ज्यांची मापे ठरलेली आहेत अशा वारसांची पाळी येते, आणि त्यांत पत्नी आहे. मृताला अपत्य असेल तर तिला एक अष्टमांश मिळतो, नसेल तर एक चतुर्थांश. ही मापे घालून जे उरते ते जवळच्या पुरुष नातेवाइकाकडे जाते. साद यांच्या भावाला वाटत होते की सगळी रास त्याची आहे. निर्णयाने त्याला रांगेत शेवटी उभे केले.

आजच्या आकड्यांत सांगायचे तर कर्ज वजा जाता २४ लाख रुपये उरले आणि मागे पत्नी, दोन मुली व भाऊ असतील, तर मुलींना मिळून १६ लाख, पत्नीला ३ लाख आणि भावाला ५ लाख मिळतील. मूल नसेल तर पत्नीचे माप ६ लाखांवर जाते. सर्वोच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणातील चतुर्थांश आणि भावाचा संबंध हा असा आला.

कर्जाची पायरी आधी असण्याला विधवेच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. विवाहाच्या वेळी पतीने पत्नीला द्यायच्या रकमेला किंवा वस्तूला मेहर म्हणतात. ती द्यायची राहून गेली असेल तर ती पतीवरील कर्ज ठरते, आणि म्हणून विधवेला ती वारसांच्या वाटणीपूर्वी मागता येते. त्यानंतरचा अष्टमांश किंवा चतुर्थांश हा वेगळा. कर्जे किती गांभीर्याने घेतली जात याचे उदाहरण म्हणजे पैगंबरांचे सहकारी जुबैर इब्न अव्वाम यांची मालमत्ता. ते ६५६ मध्ये मारले गेले तेव्हा त्यांच्यावर २२ लाखांचे कर्ज होते. त्यांच्या मुलाने जमिनी विकून ते फेडले आणि तरीही चार वर्षे दर हजच्या मेळाव्यात ‘जुबैर यांच्याकडे कोणाचे येणे असेल तर यावे’ अशी घोषणा करत राहिला. त्यानंतरच वाटणी झाली आणि जुबैर यांच्या चार विधवांना प्रत्येकी १२ लाख मिळाले, असे बुखारींच्या संग्रहात नोंदलेले आहे.

अष्टमांश म्हणजे फारच थोडे नाही का?

थोडे आहे, आणि ते मान्य करायला संकोच नसावा. पत्नी वारली तर पतीला याच परिस्थितीत बरोबर दुप्पट, म्हणजे चतुर्थांश किंवा निम्मे मिळते. चार पत्नी असतील तर त्या चौघींना मिळून एकच अष्टमांश वाटून घ्यावा लागतो. जुबैर यांच्या विधवांचे आकडे मोठे दिसतात ते मालमत्ता अफाट असल्यामुळे. धर्मशास्त्री याचे समर्थन करताना सांगतात की घरखर्च, मुलांचे पोषण आणि मेहर हे सगळे पुरुषावर आहे, तर स्त्रीला मिळालेला हिस्सा तिच्या एकटीचा असून त्यातून कोणाला पोसण्याची सक्ती तिच्यावर नाही. हे समर्थन तेव्हाच पुरेसे ठरते जेव्हा तिचा भाऊ, मुलगा किंवा वडील आपली जबाबदारी खरोखर पार पाडतात. म्हातारपणी एकटी पडलेल्या स्त्रीला या युक्तिवादाचा फारसा आधार मिळत नाही.

शिवाय आणखी एक दरवाजा बंद झाला होता. दुसऱ्या सूरेतील २४० वी आयत विधवेला एक वर्षाचा निर्वाह आणि घराबाहेर न काढण्याची हमी देते. बहुसंख्य धर्मशास्त्र्यांनी असे ठरवले की वारसाहक्काचा हिस्सा मिळू लागल्यावर ही तरतूद रद्द झाली. मुजाहिद नावाच्या आरंभीच्या भाष्यकारांचे मत मात्र वेगळे होते. त्यांच्या मते पहिले चार महिने दहा दिवस पतीच्या घरी राहणे बंधनकारक होते, आणि उरलेले सात महिने वीस दिवस हा तिचा ऐच्छिक हक्क होता. तिला वाटले तर राहावे, वाटले तर जावे. हे मत मागे पडले. माझ्या मते विधवेच्या बाजूने पाहता ते मागे पडणे ही मोठी हानी होती. त्यातच वारसाला मृत्युपत्राने इतर वारसांच्या संमतीखेरीज अधिक देता येत नाही असा नियम सुन्नी परंपरेत रुजल्यामुळे, पतीला पत्नीसाठी जास्त काही ठेवायचे असेल तर ते हयातीत बक्षीस देऊनच करावे लागे.

चार महिने दहा दिवस

पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीने पुनर्विवाहापूर्वी पाळायच्या ठरावीक मुदतीला इद्दत म्हणतात. दुसऱ्या सूरेच्या २३४ व्या आयतीने ती चांद्र महिन्यांच्या हिशेबाने चार महिने दहा दिवस ठरवली. या काळात विधवेने सुगंध, काजळ आणि भडक रंगांची वस्त्रे टाळायची, रात्री पतीच्या घरीच राहायचे आणि विवाहाचा करार करायचा नाही.

याची तुलना आधीच्या रिवाजाशी करावी लागते. पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांची मुलगी जैनब हिने तो रिवाज तपशिलाने सांगितला आहे: पती वारला की स्त्री एका लहानशा खोपटात जाऊन बसे, सर्वांत वाईट कपडे घाली, वर्षभर सुगंधाला स्पर्श करत नसे, आणि वर्ष संपले की बाहेर येऊन लीद फेके, तेव्हा कुठे तिचा शोक संपला असे मानले जाई. या पार्श्वभूमीवर नव्या नियमाने शोकाला आटोपशीर मुदत घातली. इतर नातेवाइकांसाठी तर ती तीनच दिवसांची होती. पैगंबरांच्या पत्नी उम्म हबीबा यांचे वडील अबू सुफियान वारले तेव्हा तीन दिवसांनंतर त्यांनी सुगंध मागवून अंगाला लावला आणि सांगितले की मला याची काही गरज नव्हती, पण पतीखेरीज कोणासाठीही तीन दिवसांहून अधिक शोक पाळू नये हे मी ऐकले आहे.

तरीही नियम काटेकोर होता. एक आई विचारायला आली की माझ्या विधवा मुलीचे डोळे दुखत आहेत, काजळ घातले तर चालेल का? पैगंबरांनी नकार दिला आणि आधीच्या वर्षभराच्या रिवाजाची आठवण करून देऊन सांगितले की आता ही मुदत केवळ चार महिने दहा दिवसांची आहे. नंतरच्या अनेक शास्त्र्यांनी खऱ्या गरजेपोटी औषध म्हणून काजळाला सवलत दिली.

फुरैआ बिंत मालिक यांचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. त्यांचे पती पळालेल्या गुलामांच्या शोधात गेले आणि त्या गुलामांनीच त्यांना मारले. फुरैआ ज्या घरात राहत होत्या ते पतीच्या मालकीचे नव्हते आणि खर्चासाठीही काही मागे उरले नव्हते. माहेरी जाऊ का, असे त्यांनी विचारले. पैगंबरांनी प्रथम होकार दिला, पण त्या अंगणापर्यंत पोहोचतात न पोहोचतात तोच परत बोलावून सगळी हकीकत पुन्हा ऐकली आणि मुदत पूर्ण होईपर्यंत त्याच घरी राहण्यास सांगितले. पुढे खलिफा उस्मान यांच्यासमोर असाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी फुरैआ यांच्याकडे माणूस पाठवून त्यांचा अनुभव विचारला आणि त्यानुसार निकाल दिला. या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एकीकडे सासरच्या लोकांना विधवेला लगेच घराबाहेर काढता येऊ नये याची तजवीज त्यात आहे, आणि दुसरीकडे स्वतः जाऊ इच्छिणाऱ्या स्त्रीलाही थांबवून ठेवणे त्यात आहे.

इद्दत फक्त गर्भधारणा कळावी म्हणूनच असते ना?

हे एक कारण आहे, कारण मृत पतीचे मूल असेल तर त्याचे पितृत्व आणि वारसा दोन्ही निश्चित व्हावे लागतात. पण तेवढेच कारण असते तर वृद्ध विधवेला इद्दत पाळावी लागली नसती, आणि तिलाही ती पाळावी लागते. म्हणजे पितृत्वाची खात्री आणि शोकाचा आदर असे दोन हेतू यात एकत्र आले आहेत.

हे दोन हेतू एकमेकांसमोर आले ते सुबैआ यांच्या बाबतीत. त्यांचे पती साद इब्न खौला ६३२ मध्ये पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या वेळी वारले. त्या गरोदर होत्या आणि थोड्याच दिवसांत बाळंत झाल्या. बाळंतपणातून उठल्यावर त्या नटून बसल्या, कारण त्यांना मागणी येण्याची अपेक्षा होती. अबू सनाबिल नावाच्या गृहस्थांनी त्यांना हटकले की चार महिने दहा दिवस झाल्याशिवाय तुला विवाह करता येणार नाही. सुबैआ तेवढ्यावर गप्प बसल्या नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी पैगंबरांकडे जाऊन विचारले, आणि प्रसूतीबरोबरच तुझी मुदत संपली, हवे तर विवाह कर, असे उत्तर मिळवले. पैगंबरांचे जावई अली आणि इब्न अब्बास यांचे मत मात्र दोन्हींपैकी जी मुदत मोठी असेल ती पाळावी असे होते, अशा नोंदी आहेत. शेवटी सुबैआ यांच्या अनुभवानेच वाद मिटवला आणि बहुसंख्य शास्त्र्यांनी तोच नियम मानला.

पुनर्विवाह

मराठी वाचकाच्या मनात विधवा म्हटले की एकोणिसाव्या शतकातील केशवपन, १८५६ चा विधवाविवाह कायदा, आणि १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यामुळे धोंडो केशव कर्वे यांच्यावर मुरूडकरांनी टाकलेला बहिष्कार, असे चित्र उभे राहते. सातव्या शतकातील मदिनेचा विचार करताना ते बाजूला ठेवावे लागेल, कारण तिथे विधवेने पुन्हा विवाह करणे हीच अपेक्षित गोष्ट होती. आयेशा सोडल्या तर पैगंबरांच्या पत्नी आधी विवाह झालेल्याच होत्या, आणि त्यांत विधवांची संख्या मोठी होती.

पुढे दुसरे खलिफा झालेले उमर यांची मुलगी हफसा तरुणपणीच विधवा झाली. इद्दत संपल्यावर वडिलांनी स्वतः जाऊन आधी उस्मान यांना आणि मग पुढे पहिले खलिफा झालेले अबू बक्र यांना तिच्याविषयी विचारले. उस्मान यांनी नकार दिला, अबू बक्र काहीच बोलले नाहीत, आणि त्या मौनाचे उमर यांना अधिक वाईट वाटले. पुढे हफसा यांचा विवाह पैगंबरांशी झाला. विधवा मुलीसाठी वडील उघडपणे स्थळे शोधत होते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता, ही गोष्ट या प्रसंगातून सहज दिसते.

उम्म सलमा यांचे पती उहुदमधील जखम उलटून वारले. पदरात लहान मुले होती. त्यांनी अबू बक्र आणि उमर यांच्याकडून आलेली मागणी नाकारली होती, अशी परंपरा आहे. पैगंबरांनी विचारले तेव्हाही त्यांनी आधी आपल्या अडचणी सांगितल्या: माझे वय झाले आहे, माझा स्वभाव मत्सरी आहे आणि मला मुले आहेत. प्रत्येक अडचणीवर उत्तर मिळाल्यानंतरच त्यांनी होकार दिला.

अस्मा बिंत उमैस यांचे आयुष्य तर त्या काळातील विधवेच्या वाटचालीचा नकाशाच आहे. ६२९ मध्ये मुअताच्या लढाईत त्यांचे पती जाफर मारले गेले, तेव्हा पैगंबरांनी लोकांना सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांना दुःखातून सवड नाही. पुढे त्यांनी अबू बक्र यांच्याशी विवाह केला. ६३४ मध्ये अबू बक्र वारले तेव्हा त्यांच्या पार्थिवाला अस्मा यांनीच स्नान घातले. त्यानंतर त्यांचा विवाह अली यांच्याशी झाला आणि अबू बक्र यांच्यापासून झालेला त्यांचा मुलगा अली यांच्या घरी वाढला.

पण तिच्या मनाविरुद्ध कोणी विवाह लावला तर? स्त्रीच्या वतीने विवाह ठरवणाऱ्या पुरुष पालकाला वली म्हणतात, आणि तो सहसा वडील किंवा भाऊ असतो. खनसा बिंत खिदाम यांचा एक विवाह आधी झाला होता. वडिलांनी त्यांचा दुसरा विवाह परस्पर लावला, त्यांना तो नको होता, त्या पैगंबरांकडे गेल्या आणि तो विवाह रद्द झाला. ज्या स्त्रीचा आधी विवाह झाला आहे तिचा स्वतःविषयीचा अधिकार वलीपेक्षा अधिक आहे, हे तत्त्व हदीसमध्ये स्पष्ट शब्दांत आले आहे. नंतरच्या सुन्नी धर्मशास्त्राच्या पंथांपैकी हनफी पंथाने प्रौढ स्त्रीला स्वतः करार करण्याची मुभा दिली, तर इतर पंथांनी तिची संमती आवश्यक मानूनही करार वलीच्या हातून व्हावा असे ठरवले.

विवाह न करण्याचा हक्कही होता. खलिफा उस्मान यांची ६५६ मध्ये हत्या झाली तेव्हा त्यांना वाचवताना त्यांची पत्नी नाइला हिची बोटे तुटली. पुढे सत्ताधीश मुआविया यांनी मागणी घातली असता तिने ती नाकारली, असे सांगितले जाते.

काही शतकांनी भारतातील मुस्लिम घराण्यांतही विधवेचा विवाह कमीपणाचा समजला जाऊ लागला होता. ती समजूत मोडण्यासाठी उत्तर भारतात सय्यद अहमद बरेलवी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या भावाच्या विधवेशी विवाह केला, हे इथे नमूद करायला हवे.

बहुपत्नीत्व हे विधवांसाठीच होते का?

हा दावा वारंवार केला जातो: उहुदमध्ये पुरुष मेले, विधवा आणि अनाथ उरले, म्हणून चार विवाहांची मुभा आली. संबंधित आयत, म्हणजे चौथ्या सूरेतील तिसरी, अनाथांच्या उल्लेखानेच सुरू होते, त्यामुळे दाव्यात तथ्यांश आहे. परंतु खुद्द आयेशा यांनी दिलेले स्पष्टीकरण निराळे आहे. त्यांच्या मते काही पालक आपल्या ताब्यातील अनाथ मुलींशी त्यांच्या मालमत्तेच्या लोभाने, योग्य मेहर न देता विवाह करत, आणि त्यांना आयत सांगते की तसा अन्याय होण्याची भीती असेल तर इतर स्त्रियांशी विवाह करा. शिवाय बहुपत्नीत्व आधीपासून होते. आयतीने त्याला संख्येची मर्यादा आणि समान वागणुकीची अट घातली. ज्या समाजात एकट्या स्त्रीला संरक्षण मिळणे कठीण होते तिथे अनेक विधवांना या व्यवस्थेतून घर मिळाले, हे खरे आहे. मात्र ही संपूर्ण प्रथा केवळ विधवांच्या कल्याणासाठी आणली गेली असे म्हणणे साधनांना धरून नाही.

मालमत्ताच नसेल तर?

कशाचा अष्टमांश, हा गरीब विधवेचा प्रश्न होता. विधवा आणि गरजू यांच्यासाठी धडपडणारा माणूस ईश्वराच्या मार्गात झुंजणाऱ्यासारखा आहे, ही हदीस या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पण दुसरे खलिफा उमर यांच्या काळात या भावनेला राज्यकारभाराची जोड मिळाली. त्यांनी लोकांची नोंदवही तयार करून सरकारी खजिन्यातून नेमणुका बांधून दिल्या, आणि त्या यादीत स्त्रिया व मुलेही होती. एकदा बाजारात एका तरुण विधवेने त्यांना अडवून सांगितले की माझे पती वारले, मुले इतकी लहान आहेत की त्यांना स्वतःचे काही करता येत नाही, आणि मी खुफाफ गिफारी यांची मुलगी आहे. उमर तिथेच थांबले, घरी बांधलेला एक दणकट उंट आणून त्यावर धान्याची दोन पोती लादली, मध्ये कपडे आणि पैसे ठेवले आणि उंटाचा दोर तिच्या हाती दिला. कोणीतरी म्हणाले की तुम्ही फार दिलेत, तेव्हा उमर यांनी तिच्या वडिलांनी आणि भावाने केलेल्या सेवेची आठवण त्याला करून दिली.

६४४ मध्ये इराकच्या महसुलाची चौकशी करताना उमर म्हणाले होते की मी जगलो तर इराकच्या विधवांना माझ्यानंतर कोणा पुरुषाची गरज लागणार नाही अशी व्यवस्था करीन. चौथ्या दिवशी त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला.

ज्या या चौकटीत नव्हत्या

वर सांगितलेले हक्क स्वतंत्र स्त्रीचे होते. गुलाम स्त्रीची इद्दत शास्त्र्यांनी निम्मी, म्हणजे दोन महिने पाच दिवस ठरवली आणि तिला वारसा नव्हता. मालकापासून मूल झालेली दासी मात्र मालकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे न जाता स्वतंत्र होईल, असा निर्णय उमर यांच्या नावे आहे. युद्धात हरलेल्या पक्षाच्या विधवा कैदी म्हणून वाटल्या जात. ६२८ मध्ये खैबरच्या युद्धात पती गमावलेल्या सफिया यांना मुक्त करून पैगंबरांनी त्यांच्याशी विवाह केला, पण प्रत्येक कैदी स्त्रीच्या वाट्याला अशी मुक्तता आली नाही. इस्लामी राज्यातील विधवेचे हक्क सांगताना या स्त्रियांना वगळले तर चित्र खोटे ठरेल.

पैगंबरांच्या स्वतःच्या विधवांची स्थितीही वेगळीच होती. तेहतिसाव्या सूरेच्या ५३ व्या आयतीने त्यांच्याशी कोणी विवाह करण्यास मनाई केली. पैगंबरांचा वारसा वाटला जात नाही हा अबू बक्र यांचा निर्णय असल्यामुळे त्यांना वारसाही मिळाला नाही. शिया परंपरेला हा निर्णय मान्य नाही. पैगंबरांच्या या विधवांचा निर्वाह खजिन्यातील नेमणुकीवर चाले. आयेशा यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ असा काढावा लागला आणि त्या काळात त्या मदिनेतील सर्वांत मोठ्या जाणकारांपैकी एक झाल्या. विधवांविषयीचे कितीतरी नियम आपल्यापर्यंत आले ते आयेशा आणि उम्म सलमा या दोन विधवांच्या तोंडून.

आणि पती बेपत्ता असेल तर?

व्यापारी तांडे आणि दूरच्या मोहिमा यांमुळे हा प्रश्न त्या समाजात नेहमी उद्भवत असे. पती जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या स्त्रीला ना विधवेचा वारसा मिळे, ना पुनर्विवाह करता येई. उमर यांनी ठरवले की अशा स्त्रीने चार वर्षे वाट पाहावी, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी, आणि त्यानंतर ती विवाहाला मोकळी आहे. मालिकी पंथाने हा निर्णय स्वीकारला. हनफी पंथाने मात्र पतीच्या वयाचे लोक हयात असेपर्यंत त्याला जिवंत धरावे असे सांगितले, आणि त्यामुळे तरुण स्त्रीचे आख्खे आयुष्य अडकून पडे. भारतातील बहुसंख्य मुस्लिम हनफी असल्याने ही अडचण इथे फार तीव्र झाली होती. शेवटी १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात मालिकी मताचा आधार घेऊन, पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे हे विवाह संपुष्टात आणण्याचे कारण म्हणून नोंदवले गेले. न्यायालयाचा असा हुकूमनामा सहा महिन्यांनी अमलात येतो, आणि त्या अवधीत पती परतला व वैवाहिक कर्तव्ये पार पाडण्याची तयारी त्याने न्यायालयाला पटवून दिली, तर तो रद्द होतो.